फुकटची मैफल आणि पहिलं मत

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की तरुणांनी मत द्यावं म्हणून भरवलेल्या मोफत कॉन्सर्टमध्ये मंचावर कोण आहे यापेक्षा मतदार नोंदणीचं टेबल कुठे मांडलंय, हे मी आधी बघते. त्यावर बरीच पत्रं आली. काही चिडलेली, काही उत्साहाने फसफसणारी, एक तर चक्क गायकाचं. सगळी छापायला जागा नाही, म्हणून निवडक घेतली आहेत आणि थोडी कापली आहेत. प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर आहे. नेहमीप्रमाणे नावं गाळली आहेत.

बाई, मी १९ वर्षांची आहे. आमच्या कॉलेजच्या ग्रुपने ठरवलंय की मतदानाच्या दिवशी संध्याकाळी मोफत कॉन्सर्ट ठेवायची आणि बोटावरची शाई दाखवेल त्यालाच आत सोडायचं. सगळ्यांना कल्पना जाम आवडली. एकच मित्र म्हणतोय की हे बेकायदा आहे. तो बरोबर आहे का?

मित्र रसभंग करतोय खरा, पण त्याला ग्रुपमधून काढू नका. पुढे त्याचाच उपयोग होणार आहे.

भारतीय न्याय संहितेचं कलम १७० काढून वाच. एखाद्याने मतदानाचा हक्क बजावावा या हेतूने त्याला काही लाभ देणं, ही तिथे लाच आहे. मत कुणाला दिलं हा प्रश्न त्यात येतच नाही. पुढे कलम १७३ मध्ये खाणं, पिणं, करमणूक अशा रूपाने दिलेल्या लाचेचा वेगळा उल्लेख आहे आणि तिला दंडाची शिक्षा आहे. करमणूक! कायदा लिहिणाऱ्याने जणू तुमचं पोस्टर आधीच बघितलं होतं. हे कलम नवं नाही. जुन्या भारतीय दंड विधानात १७१ ब आणि १७१ इ मध्ये हेच होतं.

आता तू म्हणशील, शाई दाखवा आणि सवलत मिळवा अशा पाट्या तर दर निवडणुकीला लागतात. लागतात, आणि त्यांच्यावर कुणी खटले भरत बसत नाही. पण तुमच्या कार्यक्रमावर कुणाचा डोळा असला, तर तक्रारीसाठी कलम त्याला आयतंच मिळेल. परीक्षेच्या तोंडावर पोलीस ठाण्याच्या चकरा मारण्याइतकी ती शाईची अट मोलाची आहे का, हे तुम्ही ठरवा.

ही कल्पना पहिल्यांदा तुम्हालाच सुचली असंही नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत ‘आयव्होटेड’ नावाचा उपक्रम निघाला. मतदान केंद्राबाहेर काढलेला सेल्फी दाखवायचा आणि निकालाच्या रात्री गाण्याच्या कार्यक्रमात फुकट शिरायचं. तिथेही केंद्रीय निवडणुकीत मत देण्यासाठी किंवा नाव नोंदवण्यासाठी मोबदला देणं हा गुन्हा आहे. त्याच कायद्यामुळे २००८ मध्ये स्टारबक्सची पंचाईत झाली होती. ‘मत देऊन या, कॉफी फुकट घ्या’ अशी जाहिरात त्यांनी केली. कायद्याच्या जाणकारांनी बोट ठेवल्यावर शेवटी मत दिलेल्या, न दिलेल्या, जो मागेल त्या प्रत्येकाला कॉफी द्यावी लागली. तुमच्यासाठीही तोच मार्ग सरळ आहे. दार सगळ्यांना उघडं ठेवा.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी ती अट मला पटत नाही. तुमच्या दारावर कोण अडेल, विचार कर. सतरा वर्षांचा मुलगा, जो पुढच्या निवडणुकीत पहिलं मत देणार आहे. आणि ती मुलगी, जी सकाळी केंद्रावर जाऊन आली, पण यादीत नाव नाही म्हणून परत फिरली. तुमच्या कार्यक्रमाची सगळ्यात जास्त गरज या दोघांनाच, आणि नेमकं त्यांनाच तुम्ही बाहेर उभं करणार!

मी सेवानिवृत्त आहे. आम्ही उन्हात रांगा लावून मतं दिली, आम्हाला कुणी गाणं ऐकवलं नाही. आजच्या पिढीला लोकशाहीसुद्धा करमणुकीच्या वेष्टनात लागते का? हा मतदानाचा अपमान वाटतो.

तुमच्या रांगेबद्दल आदर आहे. पण गाणं ऐकवलं नाही, हे काही मी मान्य करणार नाही. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या आवाजावर माणसं तासन् तास मैदानात बसायची, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५७ ची निवडणूक लढली गेली तेव्हा त्या आवाजांचं काही देणं नव्हतं असं कोण म्हणेल? निवडणूक आणि वाद्यं यांची सोयरीक फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये तर ती इतकी बोकाळली की १८८३ च्या निवडणूक गैरप्रकारविरोधी कायद्याने बँडपथकं, मशाली, झेंडे आणि फिती यांच्यावर पैसे खर्च करायलाच बंदी घातली. संसदेला बँडवाल्यांच्या विरोधात कायदा करावा लागला, म्हणजे तेव्हाचे मतदार तुमच्या-माझ्याइतके गंभीर नसावेत.

फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. तेव्हाचं गाणं एका बाजूचं असायचं: अमक्याला मत द्या. आताचं म्हणतं, कुणालाही द्या, पण द्या. पहिल्यात आग होती, दुसऱ्यात कधी कधी सरकारी जाहिरातीची चव येते, हे मीही मानते. पण अपमान मला त्यात दिसत नाही.

आणि तरुण मत देत नाहीत ते केवळ आळसाने, हेही तपासून घ्या. शिक्षिका म्हणून मला निवडणुकीची ड्यूटी चुकली नाही. मतदान केंद्रावर पहिला मतदान अधिकारी यादीत नाव शोधतो, दुसऱ्याकडे शाई आणि नोंदवही, तिसरा यंत्रापाशी. पहिल्या टेबलावरच काय घडतं ते सांगते. विशीतला मुलगा येतो, इस्त्रीचा शर्ट, हातात कोरं करकरीत ओळखपत्र. अधिकारी पट्टी खाली सरकवत यादी बघतो, पुन्हा वरून बघतो, शेजारच्या भागाची यादी मागवतो. नाव नाही. मुलगा ओळखपत्र पुढे करत राहतो. कार्ड आहे म्हणजे मत आहे, असंच त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात मत असतं ते यादीतल्या नावाला, कार्ड फक्त ओळख पटवायला. मागची रांग चुळबुळायला लागते, मुलाचे कान लाल होतात आणि तो ‘असू दे, असू दे’ म्हणत निघतो. पुढच्या वेळी तो येईल का? बहुधा नाही. त्याला तुम्ही आळशी म्हणणार. मी म्हणते, त्याला कुणीतरी तीन महिने आधी गाठायला हवं होतं.

तरुणांची ही अडचण जगभर सारखीच आहे. ते शिक्षणासाठी, नोकरीसाठी सतत पत्ता बदलतात आणि नाव जुन्या पत्त्यावर पडून राहतं. पहिल्यांदा केंद्रावर जाताना नक्की काय करायचं हे ठाऊक नसतं आणि विचारायची लाज वाटते. ते मत देत नाहीत म्हणून उमेदवार त्यांच्या दारात जात नाहीत, आणि उमेदवार येत नाहीत म्हणून ते मत देत नाहीत. गाण्याने हे चक्र तुटतं असा माझा दावा नाही. गाण्याने ही मुलं एका जागी, एका वेळी, खुशीने जमतात. दुसऱ्या कुठल्या सरकारी कामासाठी ती अशी जमतात, सांगा बरं.

भावना बाजूला ठेवून सांगा: अशा कार्यक्रमांनी मतदान वाढतं याचा काही पुरावा आहे की नुसताच इव्हेंट?

आलेल्या पत्रांत मला सगळ्यात आवडलेला प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांबणार.

या खेळातलं सगळ्यात गाजलेलं नाव अमेरिकेतलं, ‘रॉक द व्होट’. १९९० मध्ये संगीत उद्योगातल्या माणसांनी ते सुरू केलं. तेव्हा तिथे गाण्यांच्या शब्दांवरून सेन्सॉरशिपचं वादळ उठलं होतं आणि गाणी ऐकणारी पोरं मतदान करत नाहीत म्हणून राजकारणी बिनधास्त आहेत, हे या मंडळींच्या लक्षात आलं. म्हणजे सुरुवात निव्वळ परोपकारातून झालेली नाही. मला ते आवडतं, कारण स्वतःचं काही पणाला लागलं की माणूस काम नीट करतो.

आता आकडे बघा. तिथल्या जनगणना विभागाच्या पाहणीनुसार १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत १८ ते २४ वयोगटातल्या सुमारे ३६ टक्के लोकांनी मत दिलं होतं. १९९२ मध्ये ते जवळपास ४३ टक्क्यांवर गेलं. जल्लोष झाला, श्रेय घेतलं गेलं. मग १९९६ आलं. संघटना तीच, पाठीशी गाणी आणि तारेही होतेच, आणि आकडा घसरला ३२ टक्क्यांवर. १९८८ पेक्षाही खाली! श्रेय घ्यायला मात्र या वेळी कुणी पुढे आलं नाही.

झालं काय होतं? १९९२ मध्ये सगळ्याच वयाचं मतदान वाढलं होतं. तिसरा उमेदवार रॉस पेरो मैदानात होता, अर्थव्यवस्था डळमळलेली होती, निवडणूक चुरशीची होती. तरुण त्या लाटेत आले आणि लाट ओसरल्यावर गेले. तेव्हा एखाद्या आयोजकाने तुम्हाला ‘आमच्या कार्यक्रमानंतर मतदान इतकं वाढलं’ असं सांगितलं, तर एकच विचारा: कार्यक्रम झाला नाही तिथे किती वाढलं?

पण म्हणून ‘रॉक द व्होट’ निकालात काढू नका. तिचं मला सगळ्यात मोठं वाटणारं काम मंचावर झालंच नाही. अमेरिकेत तेव्हा मतदार यादीत नाव घालण्याचा बहुतेक सगळा भार नागरिकावर असायचा. तो हलका करण्यासाठी वाहन परवाना काढतानाच मतदार नोंदणीचा अर्ज मिळावा, असं विधेयक तेव्हा अडकलं होतं. १९९१ मध्ये आर.ई.एम. या बँडचा नवा अल्बम बाजारात आला. त्या काळी तिकडे सीडी लांबट पुठ्ठ्याच्या खोक्यात विकत. खोकं फोडून फेकून द्यायचं, एवढाच त्याचा उपयोग. बँडने त्या खोक्याच्या मागच्या बाजूवर या विधेयकाला पाठिंबा देणारं कार्ड छापलं. कापायचं, सही करायची, पोस्टात टाकायचं. ढिगाने कार्डं सिनेटकडे गेली. १९९२ मध्ये अध्यक्ष बुश यांनी ते विधेयक नाकारलं, पण मे १९९३ मध्ये क्लिंटन यांनी त्यावर सही केली. कॉन्सर्ट एका रात्रीत संपते. हा कायदा आजही दर परवान्यामागे काम करतोय. कचऱ्यात जाणाऱ्या पुठ्ठ्याचा असा वापर ज्याला सुचला, त्याला माझा नमस्कार.

नेमका परिणाम मोजायचा तर प्रयोग लागतो: सारख्या लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला आवाहन करायचं, दुसऱ्याला नाही, आणि नंतर मतदानाच्या नोंदी तपासायच्या. येल विद्यापीठाचे ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात असं केलं. दारात जाऊन माणसाने माणसाशी बोलल्यावर, ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांच्यात मतदान ८ ते ९ टक्क्यांनी वाढलं. भाडोत्री कॉल सेंटरच्या फोनने जवळपास काहीच झालं नाही. २००४ मध्ये ‘रॉक द व्होट’च्या टीव्ही जाहिराती काही केबल क्षेत्रांत दाखवल्या आणि काहींत मुद्दाम नाहीत. जिथे दाखवल्या तिथे १८-१९ वर्षांच्या मतदारांत साधारण ३ टक्क्यांचा फरक पडला. थोडा वाटतो, पण चुरशीच्या लढतीत थोडा नसतो.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा प्रयोग वेगळाच आहे. एलिझाबेथ अ‍ॅडोनिझिओ, ग्रीन आणि जेम्स ग्लेझर यांनी २००५ पासून मतदान केंद्राजवळच मतदानाच्या दिवशी छोटे जल्लोष भरवून पाहिले. पहिला न्यू हॅम्पशायरमधल्या हुकसेट या गावात. संगीत, खाणं, लहान मुलांसाठी खेळ, सगळं फुकट आणि सगळ्यांसाठी, आणि मत देण्याची जागा चार पावलांवर. तिथे मतदान वाढलेलं दिसलं. मात्र नामांकित तारा कुणी नव्हता आणि आधी गावात त्याची दवंडी पिटलेली होती, हे विसरू नका.

शिकागोतही तसंच. ७ नोव्हेंबर २०१६ ला, मतदानाच्या आदल्या दिवशी, चान्स द रॅपरने ग्रँट पार्कमध्ये मोफत कार्यक्रम केला. तिथे मतदानाच्या दिवसाआधीही काही केंद्रांवर मत देता येतं. गाणी संपल्यावर हा पठ्ठ्या श्रोत्यांना घेऊन पायीच अशा केंद्राकडे निघाला. टाळ्या आणि मतपत्रिका यांच्यामध्ये घरी जाऊन विचार करायला फुरसतच ठेवली नाही.

उलट उदाहरण समाजमाध्यमांचं. सप्टेंबर २०२४ मध्ये टेलर स्विफ्टने दिलेल्या दुव्यावरून चोवीस तासांत सुमारे ४ लाख ६ हजार लोक सरकारी नोंदणीच्या पानावर पोचले. अफाट आकडा. पण तो भेटींचा आहे, झालेल्या नोंदणीचा नाही आणि पडलेल्या मताचा तर नाहीच. या तीन पायऱ्यांत प्रत्येक ठिकाणी माणसं गळतात, आणि बातमी मात्र नेहमी पहिल्या पायरीची होते.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर: गाणं माणसं आणतं. पुढचं काम कुणी केलं नाही, तर ती गाणं ऐकून घरी जातात.

मी गातो. अशा कार्यक्रमाला बोलावणं आलंय. गेलो तर माझ्यावर एखाद्या पक्षाचा शिक्का बसेल का?

बोलावणारा कोण आणि खर्च कुणाचा, हे आधी विचारा. लेखी विचारा. लाजू नका, मानधनाचं विचारताना लाजता का?

पक्षासाठी गाणं यात मला काही गैर वाटत नाही, तुमची श्रद्धा असेल तर उघड गा. ब्रिटनमध्ये १९८५ मध्ये बिली ब्रॅग, पॉल वेलर वगैरे गायक मंडळींनी ‘रेड वेज’ नावाची आघाडी उभी केली, ती सरळसरळ मजूर पक्षासाठीच. लपवाछपवी नव्हती. १९८७ मध्ये थॅचरबाईच पुन्हा निवडून आल्या, ते सोडा. २०१६ मध्ये मतदानाच्या चार दिवस आधी क्लीव्हलँडला हिलरी क्लिंटन यांच्यासाठी जे-झी आणि बियॉन्से मोफत गायले. ओहायो राज्य ट्रम्प यांनी ८ टक्क्यांच्या फरकाने घेतलं. सभागृह भरलेलं असणं आणि राज्य आपल्या बाजूने असणं, यांत बरंच अंतर असतं.

राग येतो तो तिसऱ्या प्रकाराचा: वर ‘मतदान करा’, खाली एकाच पक्षाच्या रंगाचे पडदे आणि पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत उमेदवाराचे मेहुणे. त्यात अडकलात तर शिक्का बसेलच, आणि तो बसायलाच हवा. शिवाय असा कार्यक्रम उमेदवाराच्या निवडणूक खर्चात धरला जाऊ शकतो. मग तुमचं मानधनही हिशोबाच्या कागदावर येईल.

अशा कार्यक्रमात गाणी कोणती असावीत? देशभक्तीपर की चालू?

ती मुलांनाच निवडू द्या. मी निवडली तर मैदान मध्यंतरापर्यंत रिकामं होईल.

आमची सांस्कृतिक संस्था आहे. पैसे जमले आहेत, कलाकार तयार आहेत, मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मोठा मोफत कार्यक्रम करायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी?

तारीख बदला. बाकी सगळं नंतर.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १२६ मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांबद्दल आहे. त्यात संगीताचा जलसा, नाटक किंवा लोकांना आकर्षित करणारी दुसरी करमणूक भरवून निवडणूकविषयक प्रचार करायला बंदी आहे. नुसती सभा नाही, जलसा हा वेगळा नोंदवलेला आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. निकालावर परिणाम व्हावा अशा हेतूच्या गोष्टीलाच ही बंदी आहे, त्यामुळे ‘फक्त मत द्या’ एवढंच म्हणणारा कार्यक्रम त्यात बसत नाही, असा युक्तिवाद तुमचे वकील करतील. करतील हो, पण गर्दीतल्या एकाने एका उमेदवाराच्या नावाची घोषणा दिली की तो युक्तिवाद तुम्हाला ठाण्यात बसून करावा लागेल.

कायद्याइतकंच दुसरं कारण: त्या संध्याकाळी उशीर झालेला असतो. यादी बंद झालेली असते. आपल्याकडे उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेनंतर त्या निवडणुकीसाठी नवं नाव चढत नाही, आणि अर्जाची छाननी व्हायला दिवस लागतात म्हणून प्रत्यक्षात त्याच्याही बरंच आधी अर्ज पोचायला हवा. मतदानाच्या आदल्या दिवशी तुम्ही हजार मुलांना पेटवलंत आणि त्यातल्या कित्येकांची नावंच यादीत नसली, तर तुम्ही हजारभर माणसांना पहिल्या टेबलावरून परत पाठवायची तयारी केलीत.

अमेरिकेतल्या व्यावसायिकांना हे पक्कं ठाऊक असतं. ऑक्टोबर २००८ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन ४ तारखेला फिलाडेल्फिया, ५ ला कोलंबस आणि ६ ला मिशिगनमध्ये मोफत गायला. जे-झी ४ तारखेला डेट्रॉइटला. मतदान नोव्हेंबरात, मग ही घाई कसली? त्या राज्यांत नोंदणीची मुदत ६ ऑक्टोबरला संपत होती. हे कार्यक्रम ओबामांच्या बाजूने होते, ते वेगळं, पण तारीख निवडणाऱ्याला आपलं काम कळत होतं.

तुमच्यासाठी हंगाम म्हणजे निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधीचा. २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिन आहे, २०११ पासून साजरा होतो. त्या सुमाराला करा. आता १८ वर्षं पूर्ण झाल्याचा हिशोब वर्षातून एकदा नाही, तर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखांना धरतात, आणि १७ पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. म्हणजे अकरावी-बारावीची मुलं आली तरी ती नुसते प्रेक्षक राहत नाहीत.

आता टेबल. प्रवेशाच्या रांगेत ठेवा, आत नको. आत अंधार असतो, बास छातीत घुमत असतो, तिथे स्वतःचं नाव ओरडून सांगावं लागतं, जन्मतारीख कोण सांगणार? रांगेत मात्र माणूस कंटाळलेला असतो आणि फोन हातातच असतो. अमेरिकेतली ‘हेडकाउंट’ ही संस्था २००४ पासून हेच करतेय: कार्यक्रमाला येणाऱ्यांमध्ये स्वयंसेवक फिरवायचे आणि नोंदणी करून घ्यायची. तुमचे स्वयंसेवकही टेबलामागे बसू देऊ नका. रांगेच्या शेवटापासून पुढे येऊ द्यात. पहिला प्रश्न ‘मतदार आहेस का?’ असा नको, त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. ‘यादीत नाव कुठल्या पत्त्यावर आहे?’ असं विचारा. तिथेच निम्मे थबकतील. नवं नाव असेल तर नमुना ६, पत्ता बदलला असेल तर नमुना ८. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना घरच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या, कुठल्याही एका ठिकाणी नाव ठेवता येतं. वसतिगृहाचा पत्ता हवा असेल तर प्राचार्यांचं बोनाफाइड लागतं. तेव्हा कोरे बोनाफाइड नमुने आणि कॉलेजच्या कार्यालयातला एक माणूस त्या संध्याकाळी बोलावून घ्या. तो माणूस तुमच्या मुख्य गायकापेक्षा महत्त्वाचा आहे, पण गायकाला हे सांगू नका.

अर्ज भरलेल्यांचे फोन नंबर त्यांच्या परवानगीने ठेवा. मतदानाच्या आठवड्यात प्रत्येकाला एक फोन करा, आणि ‘मत दे हं’ असा उपदेश नको. किती वाजता जाणार, कुठून निघणार, कुणाबरोबर, एवढं विचारा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात २००८ च्या प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीच्या वेळी डेव्हिड निकरसन आणि टॉड रॉजर्स यांनी हे करून बघितलं होतं. नुसत्या आवाहनापेक्षा या चौकशीने जास्त लोक केंद्रावर पोचले, विशेषतः घरात एकटेच मतदार असलेले, ज्यांना घरातला दुसरा मतदार हटकत नाही. त्या फोनला कलाकारांच्या मानधनाच्या एका कोपऱ्याएवढाही खर्च येत नाही, आणि तरी जवळजवळ कुणीच तो करत नाही. कार्यक्रम झाला, फोटो काढले, संपलं.

ध्वनिक्षेपकाची परवानगी वेळेत काढा, रात्री १० ला आवाज बंद. पाहुण्यांच्या यादीत कुठल्याही पक्षाचा पदाधिकारी नको, तो तुमच्या अध्यक्षांचा भाचा असला तरीही. आणि कलाकारांना आधी कल्पना देऊन मध्यंतर अर्ध्या तासाचं ठेवा, दिवे पूर्ण लावून, कारण रांगेत राहून गेलेले अर्ज तेव्हा भरून होतात.